हुकूम आधी, अर्ज त्याच आठवड्यात

मी जालन्यात वकिली करतो. अंबड, परतूर, भोकरदनकडची बरीच पोरं फौजेत आहेत. त्यामुळे बांधाच्या भांडणांबरोबर पलटणीतले कागदही माझ्याकडे येतात.

१. हुकूम बेकायदा वाटला म्हणून जागच्या जागी नकार देऊ नका. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४१ नुसार गुन्हा ठरतो तो कायदेशीर हुकूम मोडण्याचा. पण हुकूम कायदेशीर होता का, हे नंतर ठरतं आणि तोवर जवान क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पलटणीच्या कोठडीत असतो. निरपराधाला मारा, असा हुकूम असेल तर गोष्ट वेगळी. तो पाळणाराही सुटत नाही. बाकी वेळी हुकूम पाळा आणि त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या.

२. तक्रारीची पायरी चुकवू नका. सिग्नलमन रणजित ठाकूरने आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्धचा अर्ज थेट वरच्या साहेबांकडे पाठवला, म्हणून त्याला २८ दिवसांची कैद झाली. मे १९८५ मध्ये कोठडीत असताना 'जेव' असा हुकूम झाला आणि तो जेवला नाही. एवढ्यावरून समरी कोर्ट मार्शल, वर्षभराची सक्तमजुरी आणि बडतर्फी! ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, तो अधिकारीच न्याय करायला बसला होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळी कारवाई रद्द केली: पक्षपाताची शक्यता होती आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फारच जबर होती. हा निकाल मी प्रत्येक जवानाच्या वडिलांना समजावून सांगतो. अशा खटल्यात कोर्ट बहुधा हे बघतं की न्याय करायला कोण बसलं होतं, आरोपीला हरकत घेऊ दिली का, शिक्षा प्रमाणात आहे का. हुकूम शहाणपणाचा होता का, यात ते सहसा पडत नाही. आणि तक्रार ज्याच्याकडे द्यायची त्याच्याचविरुद्ध असेल, तर कलम २६ त्याच्या लगेच वरच्या अधिकाऱ्याकडे जायची वाट देतं.

३. आई आजारी आहे म्हणून रजा संपल्यावरही थांबलेला मुलगा घरच्यांना निर्दोष वाटतो. कायद्याला वाटत नाही. दवाखान्याचे कागद आणि पलटणीला पाठवलेल्या रजिस्टर पत्राची पावती, एवढंच मग हाती उरतं.

४. सशस्त्र दल न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने आलं. आपल्यासाठी त्याचं पीठ मुंबईत आहे. निवृत्त माणसाला राहत्या गावावरून तिथे दाद मागता येते. आधी खात्यातले उपाय संपवावे लागतात. अंतिम आदेशापासून मुदत सहा महिन्यांची. अर्जाला उत्तरच आलं नाही, तर सहा महिने वाट पाहून पुढच्या सहा महिन्यांत जावं. इथे लोक फार नुकसान करून घेतात. 'साहेब बघतो म्हणाले' यावर वर्षं जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

५. बदली आणि रजेचे वाद न्यायाधिकरणाकडे चालत नाहीत. त्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्धही तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास प्रकरणात स्पष्ट केलं. छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ आपल्याला जवळ आहे, पण हुकूम पंजाबात निघाला असेल तर अधिकारक्षेत्राची हरकत येणारच. आदेश गावच्या पत्त्यावर आला असेल, तर पोस्टाच्या शिक्क्याचा लिफाफा फेकू नका. त्या हरकतीला उत्तर देताना तो दाखवता येतो.