मालिका बघा, पण पारखून बघा
(बैठकीत वाचायचा पाठ)



जेवणं झाली, भांडी आवरली, की अर्धा-पाऊण तास टीव्हीपुढे बसणं हा आपल्यातल्या कितीतरी जणींचा विसावा. कुणी रात्री चुकलेला भाग दुपारी बघतं, तर कुणी दुपारचीच मालिका. ‘आई कुठे काय करते’सुद्धा २०२४मध्ये दुपारी अडीचला आली होती. यात वाईट काही नाही.

पण बाजारात ज्वारी घेताना आपण मूठभर हातावर घेऊन बघतो. मग रोज घरात येणारी मालिका तशीच कशी घ्यायची? त्यासाठी या तीन पारखी.

१. आवाज बंद करून बघा
मालिका रोज दाखवायची असते. कलाकार दिवसाला बारा-बारा तास काम करतात. संवाद कित्येकदा त्याच दिवशी हातात पडतात, तालमीला वेळ नसतो. मग काय होतं? एकच चेहरा तीनदा दाखवतात आणि मोठ्ठं संगीत वाजवतात. पाच मिनिटं आवाज बंद करा. तरी बाईच्या मनात काय चाललंय ते कळलं, तर तो अभिनय. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती गप्प उभी असली, तरी तिचा अपमान आपल्याला कळायचा. नुसते डोळे वटारणं म्हणजे अभिनय नव्हे.

२. डोळे मिटून ऐका
बोलणं त्या माणसाचं वाटतं का? ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६मध्ये सुरू झाली. अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, पण त्यांची राधिका वऱ्हाडी ढंगात बोलायची. पुढे तिने मसाल्याचा धंदा उभा केला, तरी बोली सोडली नाही. नाहीतर बऱ्याच मालिकांमध्ये गावाकडची बोली मोलकरणीच्या नाहीतर हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी असते. नायिका मात्र छापील बोलते. आपली बोली काय फक्त हसण्यापुरती?

३. कुणाला निवडलं ते बघा
भूमिकेसाठी कलाकार निवडणं हे मोठं काम. याच मालिकेतली शनाया आधी रसिका सुनीलने केली, मग ईशा केसकरने, नंतर पुन्हा रसिकाने. पात्र तेच, पण चेहरा बदलला की किती चुकल्यासारखं वाटलं, ते आठवा.

आता ‘रंग माझा वेगळा’. सावळ्या रंगावरून बाईला कमी लेखू नये, हे सांगणारी ही मालिका २०१९मध्ये आली. विषय चांगला. रेश्मा शिंदे यांनी काम मनापासून केलं. पण त्या उजळ रंगाच्या. दीपा होण्यासाठी त्यांना मेकअपने सावळं केलं. महाराष्ट्रात सावळ्या मुली कमी आहेत का? सावळ्या बाईची गोष्ट सांगतानाही सावळी बाई पुढे आली नाही, हे आपल्या लक्षात यायला हवं.

एक आपल्या घरचीही गोष्ट सांगते. मागे आपल्या पत्रिकेसाठी गटाचा फोटो काढत होतो. पापडाचं सगळं काम जिच्या जिवावर चालतं, तीच ताई म्हणाली, “मला मागंच उभं करा, मी काळी दिसते.” आणि आम्ही तिला मागे उभं केलं! कुणी ‘नाही’ म्हटलं नाही. सख्यांनो, ती निवड आम्हीच केली. मालिकावाल्यांना नावं ठेवताना मला तो फोटो आठवतो. आपल्या लेकी टीव्हीही बघतात आणि आपल्यालाही बघतात. “उन्हात जाऊ नको, काळी होशील,” हे त्या आपल्याच तोंडून ऐकतात.

बैठकीत बोलूया
• आवाज बंद करून एक प्रसंग बघा. काय कळलं, काय नाही?
• तुमच्या मालिकेत आपल्यासारखी बोलणारी, आपल्यासारखी दिसणारी बाई कोण? तिला कसलं काम दिलंय?
• प्रदर्शनात, फोटोत, साहेबांपुढे बोलायला आपण कुणाला पुढे करतो? का?

उत्तरं गटाच्या वहीत लिहा. पुढच्या फोटोत मात्र ती ताई पुढच्या रांगेत हवी, हातात पापडाचं पाकीट घेऊन.