अर्जुनाचा विषाद आणि मनाचे विकार

गीताभ्यास : अध्याय पहिला व दुसरा

गीतेचा आरंभ ज्ञानाने होत नाही, विषादाने होतो. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे १६० किलोमीटरांवर असलेल्या कुरुक्षेत्री अर्जुन दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहतो. त्याची गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगास कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, गांडीव हातून निसटते आणि मन भोवंडू लागते. हे वर्णन साधकाने सावकाश वाचावे. ज्याची ही दशा झाली तो भ्याड नव्हता. अनेक युद्धे जिंकलेला वीर होता. तेव्हा मन खचणे हे दुर्बलांचेच लक्षण आहे, हा समज गीतेच्या पहिल्याच अध्यायात गळून पडतो.

येथे एक भेद मात्र ध्यानी घेतला पाहिजे. अर्जुनाच्या विषादास समोर उभे असलेले कारण होते आणि संवादाच्या अंती तो सरला. असा शोक प्रत्येकाच्या वाट्यास येतो. तो रोग नव्हे. परंतु उदासी दोन आठवडे वा अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ टिकून राहते, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन रमत नाही, झोप व भूक बिघडते, थकवा जात नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते किंवा मरणाचे विचार येतात, तेव्हा त्यास वैद्यकात अवसाद म्हणतात. तो रोग आहे आणि त्यावर उपचार आहेत.

दुसरा सामान्य विकार चिंतेचा. कारण अल्प असता किंवा मुळीच नसता काळजी सुटत नाही, छाती धडधडते, हातपाय कापतात. कधी काही मिनिटांतच भीती इतकी वाढते, की आता प्राण जाणार असे रोग्यास वाटते. तिसरा विकार आपल्या घरांत ‘मंत्रचळ’ या नावाने परिचित आहे. यात नको असलेला विचार पुनःपुन्हा येतो आणि तो शमविण्यासाठी रोगी तीच कृती पुनःपुन्हा करतो. भाविक कुटुंबात हा ओळखणे कठीण जाते, कारण दहा वेळा हात धुणे हे सोवळे समजले जाते. पूजेच्या वेळी मनात अभद्र विचार येऊ लागले तर रोगी स्वतःस पापी समजतो आणि कोणाजवळ बोलत नाही. तो विचार त्याची इच्छा नव्हे. रोगाचे लक्षण आहे. छिन्नमनस्कतेत रोग्यास इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात. त्यास संचार किंवा बाधा समजून उपचारास विलंब करू नये.

आता दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीचा क्रम पाहावा. भगवान प्रथम अर्जुनाची निर्भर्त्सना करतात. ही दुर्बलता तुला शोभत नाही, ऊठ, असे सांगतात. त्याचा परिणाम काय झाला? अर्जुन उठला नाही. इंद्रियांना सुकविणारा हा शोक कशाने जाईल ते दिसत नाही, असे त्याने सांगितले आणि लढणार नाही म्हणून तो गप्प बसला. केवळ ‘धीर धर’ म्हटल्याने वीराचाही शोक गेला नाही. त्यानंतरच खरा उपदेश सुरू होतो. भगवान सारथी होऊन त्याच्याजवळ राहतात, शंका ऐकतात, आणि अठराव्या अध्यायापर्यंत संवाद चालतो. घरातील रोग्यास ‘मन घट्ट कर’ असे सांगून थांबणाऱ्या कुटुंबाने हे स्थळ पुनःपुन्हा वाचावे.

कित्येकदा खचलेल्या माणसाच्या हाती गीता देऊन ‘एवढे वाच, औषध कशाला?’ असे म्हटले जाते. त्याचे चित्त ओळीवर ठरत नाही. मग आपली श्रद्धाच उणी, असा नवा दोष तो स्वतःस लावून घेतो. हा गीतेचा उपयोग नव्हे. आपल्या शास्त्रपरंपरेनेही असे सांगितलेले नाही. चरकसंहितेत विषादास रोग वाढविणाऱ्यांत अग्रस्थान दिले आहे. उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहे. आणि दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत. उपासना, आहार व औषध यांची योजना, आणि अहितापासून मनाचा निग्रह, ही तिन्ही एकमेकांच्या शेजारी आहेत. एकाने दुसऱ्यास हटविलेले नाही. सहाव्या अध्यायातील आहार, विहार, निद्रा यांची युक्तता रोग्यास साहाय्य करतेच. परंतु ती औषधाची जागा घेत नाही. अवसादावरील औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, आणि बरे वाटताच ती आपल्या मनाने बंद केल्यास रोग उलटण्याचा संभव असतो.

समाजाची दृष्टी पालटते, याचे उदाहरण राजधानीतच आहे. दिल्लीच्या शाहदरा भागात १९६६ साली मनोरुग्णांचे रुग्णालय सुरू झाले. तेथील अवस्थेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १९९३ साली त्याचेच रूपांतर ‘मानव व्यवहार व संबद्ध विज्ञान संस्थान’ या संस्थेत झाले. केवळ ठेवण्याच्या जागेऐवजी उपचार, अध्ययन व संशोधन यांचे स्थान झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्यास साखळीने बांधणे निषिद्ध केले. तरीही २०१५–१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे दहा टक्क्यांस मनोविकार आढळला, आणि त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेला नव्हता. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व अहोरात्र उपलब्ध आहे. मरणाची भाषा बोलणाऱ्यास एकटे सोडू नये; त्याचे बोलणे ऐकावे आणि त्वरित वैद्याकडे न्यावे.

अर्जुनाने आपली दशा लपविली नाही. ती योग्य ठिकाणी बोलून दाखविली आणि शिष्यत्व पत्करले. गीता त्या बोलण्यातून जन्मास आली. साहाय्य मागणे हे अधःपतन नसून उत्थानाची पहिली पायरी आहे, हा या पाठाचा सारांश.

मननासाठी प्रश्न

१. अर्जुनाच्या देहावर विषादाची कोणती लक्षणे प्रकट झाली?
२. भगवंतांच्या पहिल्या निर्भर्त्सनेनंतर अर्जुन काय म्हणाला? त्यावरून रोग्याशी वागण्याविषयी काय बोध होतो?
३. आपल्या घरात वा शेजारी कोणी दीर्घकाळ गप्प झाले आहे काय? त्याच्याजवळ बसून आपण शेवटचे कधी ऐकले?