मेणबत्ती उद्योग : दोघांचे श्रम, दोघांचा हिशेब

वीजपुरवठा खंडित झाला की घरोघरी शोधली जाणारी वस्तू, एवढीच मेणबत्तीची ओळख एके काळी होती. खेडोपाडी वीज पोहोचली, विजेऱ्या स्वस्त झाल्या आणि प्रकाशासाठी मेणबत्ती लावण्याची गरज कमी झाली. तथापि, मेणबत्तीचे दिवस संपले असे मात्र झाले नाही. दिवाळी व नाताळ, वाढदिवस, उपाहारगृहांतील सजावट, सुगंधी मेणबत्त्यांची भेट, चर्चमधील प्रार्थना अशा अनेक निमित्तांनी तिची मागणी टिकून आहे. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत दर वर्षी सप्टेंबर महिन्यात मेणबत्त्यांबरोबरच मेणाचे हात, पाय, बाळ, घर अशा आकृती भाविक नवसापोटी अर्पण करतात. मेणकामाची परंपरा आपल्या राज्यात नवी नाही, याची ही साक्ष होय.

थोडे भांडवल, लहान जागा आणि अल्प प्रशिक्षण यांवर सुरू होणारा हा उद्योग पती-पत्नी मिळून घरी करू शकतात. या लेखात त्याची कृती, सुरक्षितता, अर्थसाहाय्य आणि हिशेब यांचा विचार केला आहे. यांपैकी हिशेबाच्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. म्हणून त्याचा विस्ताराने परामर्श घेणे अगत्याचे आहे.

मेणबत्ती जळते कशी?

मेणबत्तीत वात जळते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः जळते ते मेण. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, ते केशाकर्षणाने वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडन येथे मुलांसाठी दिलेली व्याख्याने एका मेणबत्तीवरच आधारलेली होती. शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल.

उद्योजकाच्या दृष्टीने या ज्ञानाचा उपयोग थेट आहे. वात जाड असेल तर ती गरजेपेक्षा अधिक मेण ओढते, ज्योत मोठी होते व काजळी धरते. वात बारीक असेल तर वितळलेल्या मेणात ती बुडून विझते. म्हणून मेणबत्तीच्या व्यासानुसार विणीच्या सुती वातीची जाडी ठरवावी लागते. प्रत्येक नव्या आकाराची एक मेणबत्ती शेवटपर्यंत जाळून पाहिल्याशिवाय माल बाजारात पाठवू नये.

कृती आणि दक्षता

सर्वसाधारणपणे वापरले जाणारे पॅराफिन मेण खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. सुमारे ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारे मेण या कामास योग्य ठरते. त्यात काही प्रमाणात स्टिअरिक ॲसिड मिसळल्यास मेणबत्ती कडक होते आणि साच्यातून सुटण्यास सुलभ जाते. मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्यांनाही चांगला भाव मिळतो. महाबळेश्वर येथे राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. मधपाळांना पूरक व्यवसाय म्हणून याचा विचार करता येईल.

मेणाचे भांडे कधीही थेट ज्योतीवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात मेणाचे भांडे ठेवावे. म्हणजे मेणाचे तापमान १०० अंशांपलीकडे जात नाही. मेण वितळल्यावर तेलाचा हात दिलेल्या, कोरड्या साच्यात वात ताणून बसवावी आणि मेण ओतावे. थंड होताना मेण आकसते व वातीजवळ खळगा पडतो, तो दुसऱ्यांदा मेण ओतून भरावा. रंग मेणात विरघळणारा असावा. न विरघळणाऱ्या रंगाचे कण वातीत अडकतात आणि ज्योत मंदावते.

मेणाने पेट घेतल्यास त्यावर पाणी टाकणे अत्यंत धोक्याचे आहे. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण चहूकडे उडते. अशा वेळी शेगडी बंद करून भांड्यावर झाकण ठेवावे. वाळूची बादली हाताशी असावी. घर आणि कारखाना एकाच छपराखाली असल्याने स्वयंपाकाची व मेणाची भांडी वेगळी ठेवावीत. मेण वितळत असताना लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे आणि दोघांपैकी एकाने तेथून हलू नये.

तिसऱ्या वाट्याची मजुरी कोणाची?

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील भाव त्यांच्या जागी मांडावेत. समजा, एका जोडप्याने दिवसभरात १० किलो मेणापासून १०० ग्रॅम वजनाच्या ९५ मेणबत्त्या केल्या. उरलेले मेण तूट म्हणून धरले. मेण व स्टिअरिक ॲसिड १,५०० रुपये, वात व रंग १०० रुपये, वेष्टन ३८० रुपये, इंधन ६० रुपये, वाहतूक व साच्यांची झीज १६० रुपये, असा एकूण खर्च २,२०० रुपये झाला. माल प्रत्येकी २८ रुपयांनी विकला, म्हणजे २,६६० रुपये हाती आले. ४६० रुपये नफा झाला, असे जोडप्यास वाटते.

परंतु या हिशेबात दोघांची मजुरी कोठे आहे? प्रत्येकी ४०० रुपये मजुरी धरली तर खरा खर्च ३,००० रुपये होतो आणि प्रत्यक्षात ३४० रुपयांचा तोटा दिसतो. पतीने आपली ४०० रुपयांची मजुरी त्यातून घेतली, तर पत्नीच्या दिवसभराच्या कष्टाचे मोल ६० रुपये उरते. बहुतेक घरांत तेवढेही तिच्या हाती पडत नाही. कारण तिचे काम 'घरचेच' समजले जाते. स्वस्त विक्रीमुळे हा उद्योग चालल्यासारखा दिसतो, पण ती स्वस्ताई तिच्या न मोजलेल्या श्रमांतून आलेली असते. ती आजारी पडली, की धंदा थांबतो आणि तेव्हा कारण उमगते.

या उदाहरणात एका मेणबत्तीचा उत्पादनखर्च सुमारे ३२ रुपये येतो. त्यावर नफा आणि दुकानदाराचे कमिशन धरूनच किंमत ठरविली पाहिजे. त्या भावाने माल खपत नसेल तर भाव पाडण्याऐवजी वस्तू बदलावी : साध्या मेणबत्तीऐवजी सुगंधी, कोरीव अथवा सणाला साजेशी मेणबत्ती करावी. साध्या मेणबत्तीत यंत्राशी स्पर्धा करणे हाताला परवडत नाही.

अर्थसाहाय्य आणि अर्जदार

प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ साली सुरू झाला. २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी मान्य झालेल्या नियमांनुसार ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गास प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के, तर महिलांसह विशेष प्रवर्गास ३५ टक्के अनुदान ठरविण्यात आले. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० व ५ टक्के होता. एका कुटुंबातून एकाच व्यक्तीस लाभ मिळतो आणि कुटुंब याचा अर्थ अर्जदार व त्याचा जोडीदार असा आहे. म्हणजे पती-पत्नींपैकी अर्ज कोणी करायचा, हे आधीच ठरवावे लागते. दोन लाख रुपयांच्या प्रकल्पास सर्वसाधारण प्रवर्गातील पतीच्या नावे ५० हजार, तर पत्नीच्या नावे ७० हजार रुपये अनुदान होते. अर्ज करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रातून त्या वेळचे नियम समजून घ्यावेत.

तथापि, येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अनुदान अधिक मिळते म्हणून केवळ पत्नीची सही घ्यायची आणि व्यवहार पतीने पाहायचा, असे झाले तर कर्ज फेडण्याची जबाबदारी मात्र तिच्यावर राहते. अर्जदार जी असेल तिलाच खाते, खरेदीच्या पावत्या आणि हप्त्यांच्या तारखा ठाऊक असल्या पाहिजेत. शिवाय अनुदानाची रक्कम लगेच हाती येत नाही. ती तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते, हेही ध्यानात ठेवावे.

उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. त्यासाठी मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ परिमाण, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत छापणे आवश्यक आहे.

एक उदाहरण

महाबळेश्वर येथील श्री. भावेश भाटिया यांची दृष्टी तरुणपणीच गेली. मुंबईत राष्ट्रीय अंधजन संस्थेत त्यांनी मेणबत्ती बनविण्याचे शिक्षण घेतले आणि सुरुवातीस हातगाडीवर मेणबत्त्या विकल्या. १९९४ साली त्यांनी सुरू केलेल्या 'सनराइज कँडल्स' या उद्योगात त्यांच्या पत्नी नीता यांनी बरोबरीने काम केले. या उद्योगाने पुढे शेकडो दृष्टिहीनांना रोजगार दिला. बोटांच्या स्पर्शाने जे काम उत्तम जमते, त्यासाठी दृष्टीचा अभाव अडसर ठरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

आपण काय करावे?

ग्रामपंचायत सदस्यांनी आठवडी बाजारात व यात्रेत स्थानिक उत्पादकांना जागा मिळवून द्यावी. शिक्षकांनी वरच्या वर्गात वरील हिशेब गणित म्हणून घालावा. मुले तो घरी जाऊन सांगतील. अधिकाऱ्यांनी प्रस्ताव तपासताना दोघांची मजुरी खर्चात धरली आहे किंवा नाही, एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. जो प्रकल्प दोन माणसांच्या श्रमांवर उभा आहे, त्याच्या कागदावर दोन माणसांची मजुरी दिसली पाहिजे. तेवढे झाले तर घरात सुरू झालेला हा उद्योग दोघांनाही उपजीविका देणारा ठरेल.