आधी डीपी, मग गाडी

विजेच्या गाड्यांचा ताफा उभारताना अनुदानाचा आकडा पाहून सही करू नका, हे मी करमाळ्यातल्या केळी-दूध वाहतूकदारांना निक्षून सांगतो. अनुदानाच्या योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोठी शहरं होती. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत बससाठी 4,391 कोटी रुपये आहेत, ते 40 लाखांवर वस्तीच्या नऊ शहरांना. जुलै 2025 मध्ये ट्रकसाठी 9.6 लाखांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं, ते साडेतीन टनांवरच्या गाड्यांना, आणि जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला असेल तरच. कंदरची केळी बांधावरून उचलणारा छोटा टेम्पो त्यात बसतच नाही. विक्रेते मात्र सगळे आकडे एका दमात ऐकवतात आणि अटी विचारल्या की ‘पुढे बघू’ म्हणतात. त्या ‘पुढे बघू’चाच मला संताप आहे, कारण कर्जाचा हप्ता थांबत नाही.

खरी अडचण जोडणीची आहे. साडेसात किलोवॅटचे दहा चार्जर रात्री एकदम लावले तर 75 किलोवॅट भार होतो. 100 केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वस्तीचा भार आधीच असतो. गाड्यांच्या शेडला शेतीच्या फीडरवरून वीज असेल तर ती आठ तासांचीच, तीही पाळीने. कॅलिफोर्नियात 2018 पासून मंजूर झालेल्या कार्यक्रमांत वीज कंपन्याच ताफ्याच्या आवारापर्यंत तारा आणि ट्रान्सफॉर्मरचा खर्च उचलतात. आपल्याकडे सवलत मुख्यतः गाडीच्या किमतीवर आणि युनिटच्या दरावर मिळते. 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 स्वस्त वीज मिळू लागली. दिवसाच्या विजेचा हाच कल ताफ्यांच्या दरात आला, तर त्या वेळी रस्त्यावर असलेल्या गाडीला त्याचा काय उपयोग?

गाडीची किंमत हाच मोठा अडसर, जोडणी किरकोळ, असं काही जण म्हणतात. किमतीला कर्ज मिळतं; भार मंजूर नसेल तर नवी गाडी उभी राहते. आणि गाडी वेळेवर येईलच असंही नाही. एसटीच्या 5,150 भाडेतत्त्वावरच्या बसचा पुरवठा इतका रखडला की मे 2025 मध्ये परिवहनमंत्र्यांना करार रद्द करण्याचे निर्देश द्यावे लागले. महामंडळाची ही गत, तर तीन टेम्पोंच्या मालकाला कोण विचारणार? म्हणून आधी वाढीव भाराचा अर्ज आणि लेखी मंजुरी, मग गाडीची ऑर्डर. चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर घ्या. अनुदान खात्यात पडेपर्यंत हिशेबात धरू नका. उशिराचा दंड करारात लिहून घ्या, कागद वाचूनच सही करा. आणि डीपीचा खर्च अनुदानात धरा, ही मागणी आमदारांकडे आणि वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत एकत्रितपणे लावून धरा. एकट्याच्या अर्जाला दाद मिळत नाही.