तेरा बसत नाही, चौदा फिरतो

आधी एक सोपा प्रश्न. पान्यावर १४ लिहिलंय म्हणजे काय? बरोबर, पान्याचा जबडा १४ मिलिमीटर रुंद आहे. आता दुसरा प्रश्न. पान्यावर १/४ डब्ल्यू लिहिलंय, तर जबडा किती? पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, असं उत्तर दिलंत तर ओरलमध्ये शून्य! तो जबडा १३.३४ मिमीचा असतो, पाव इंचाच्या दुपटीहूनही जास्त.

हा डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, मॅचलेस, एरियल, रॉयल एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश मोटरसायकली ज्यांना दुरुस्त करायच्या आहेत, त्यांची पहिली गाठ इंजिनाशी पडत नाही, या आकड्याशी पडते. मी गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी एका मिस्त्रीकाकांच्या गॅरेजमध्ये बीएसए एम२० वर हात काळे करते आहे, आणि त्यातला निम्मा वेळ पाने शोधण्यात गेला असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. एम२० ही ४९६ सीसीची, एकाच सिलिंडरची, साइड व्हॉल्व्ह गाडी. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात दुसऱ्या महायुद्धासाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. सैन्याबरोबर त्या भारतातही आल्या आणि युद्धानंतर इथेच राहिल्या. आपल्याकडे ज्या जुन्या ब्रिटिश गाड्या दिसतात त्यांतल्या कितीतरी अशा लष्करातून निवृत्त झालेल्या आहेत.

थोडा इतिहास सांगावा लागेल, पण थोडाच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागेलच याची खात्री नव्हती. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने वेगवेगळ्या कारखान्यांतून बोल्टचे नमुने गोळा केले, ते मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये एक समान पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर, आणि प्रत्येक व्यासाला इंचामागे ठराविक आटे. पाव इंचाला २०, ५/१६ ला १८, ३/८ ला १६. हे ५५ अंश कुठल्या थिअरीतून आलेले नाहीत, सरासरीतून आले आहेत, हे वाचून मला फार गंमत वाटली. आपण डेटाबुक उघडतो तेव्हा वाटतं प्रत्येक आकड्यामागे मोठं डेरिव्हेशन असणार!

आता पान्याकडे येऊ. व्हिटवर्थच्या जगात पान्यावर जबड्याचं माप लिहीत नाहीत, बोल्टच्या दांड्याचं माप लिहितात. पाव इंची बोल्टचं डोकं ज्याने फिरतं तो पाव इंची पाना. आपल्याला हे उलटं वाटतं, पण जुन्या मिस्त्रीला वाटत नाही. तो अजूनही सुतात बोलतो. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे पाव इंच दोन सूत. दुकानात "दोन सुती बोल्ट द्या" म्हटलं की ते माप दांड्याचंच असतं, डोक्याचं नाही. म्हणजे आपले मिस्त्री आजही निम्मे व्हिटवर्थच्या भाषेत बोलत आहेत, आणि मिलिमीटरवर वाढलेल्या आपल्याला मात्र ते नव्याने शिकावं लागतं.

गोंधळ इथे संपत नाही. १९०८ मध्ये बारीक आट्यांची बीएसएफ ही मालिका आली. तिच्यात बोल्टचं डोकं एका मापाने लहान ठेवलं होतं. पुढे महायुद्धात लोखंड वाचवायला व्हिटवर्थ बोल्टचंही डोकं तसंच एक माप लहान केलं. म्हणून जुन्या पान्यांवर दोन-दोन आकडे दिसतात. १/४ डब्ल्यू आणि ५/१६ बीएस हा एकच जबडा, १३.३४ मिमी. ३/१६ डब्ल्यू आणि १/४ बीएस हाही एकच, ११.३० मिमी. पाव इंची व्हिटवर्थ बोल्ट युद्धाआधीचा असेल तर पहिला पाना लागेल, नंतरचा असेल तर दुसरा. बोल्ट तोच, आटे तेच, फक्त डोकं वेगळं. त्यामुळे पुस्तकात वाचून पाना उचलायचा नाही, डोक्याला व्हर्नियर लावून उचलायचा.

कुणी म्हणेल, एवढं कशाला? आपल्या खोलीतल्या सेटने काम होणार नाही का? बघू या. १३.३४ च्या नटाला १३ नंबर बसतच नाही आणि १४ नंबर बसतो तो ०.६६ मिमी ढिला. हे किती ढिलं आहे ते काढता येतं. षटकोनाची समोरासमोरची बाजू १३.३४, म्हणजे कोपऱ्याची त्रिज्या ७.७० मिमी. १४ च्या पान्याचा अर्धा जबडा ७ मिमी. ७ भागिले ७.७० चा कोसाइन इन्व्हर्स घेतला की २४.६ अंश येतात. पाना नीट बसला असता तर हा कोन ३० आला असता. म्हणजे नट जागचा हलण्याआधी पाना पाच अंशांहून जास्त नुसताच फिरतो, आणि मग सगळा जोर सपाट बाजूवर न पडता कोपऱ्याजवळच्या बारीक रेषेवर पडतो. सत्तर-ऐंशी वर्षं गंजलेला नट असेल तर सुटायच्या आधी कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. मग येतो पाईप पाना, मग छिन्नी, मग वेल्डिंग. एका नटासाठी!

१५.२४ मिमीला (५/१६ डब्ल्यू) हीच कथा, १५ जात नाही आणि १६ खेळतो. ३/८ डब्ल्यूचं माप मात्र १८.०३ आहे. नट थोडा कमी मापाचाच बनवतात, त्यामुळे १८ नंबर त्यावर बऱ्याचदा छान बसतो. ७/१६ ला २१ नंबर जवळपास चालतो, पण आपल्या नेहमीच्या सेटमध्ये २० च्या पाठीला २२ असतो, २१ नसतोच. त्यामुळे "मेट्रिक अजिबात चालत नाही" हे काही खरं नाही. दोन मापांना चालतं. पण बाकीच्या मापांचं काय?

आता आटे. मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे डिझाइन करणाऱ्याचं डोकं दिसतं. क्रँककेस अॅल्युमिनियमचा, म्हणजे मऊ. त्यात स्टीलचा स्टड बसवायचा. मऊ धातूत बारीक आटे लवकर उपटतात, म्हणून केसमध्ये जाणाऱ्या टोकाला जाड, खोल व्हिटवर्थ आटे. दुसऱ्या टोकाला स्टीलचा नट आहे आणि गाडी तर नुसती थरथरते, म्हणून तिथे बारीक आटे, जे सहजी ढिले होत नाहीत. एकाच स्टडवर दोन प्रकारचे आटे! हा स्टड उलटा बसवायचा प्रयत्न केला तर काय होईल ते सांगायला नको.

हे बारीक आटे पुष्कळदा सायकल आटे असतात. नाव खरंच सायकलवरून आलं, कारण मोटरसायकली बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आधी सायकली बनवत होत्या. कोन ६० अंश आणि बहुतेक मापांना इंचात २६ आटे. इथे खरा सापळा आहे. पाव इंची बीएसएफलाही २६ च आटे असतात, फक्त कोन ५५. दोन्ही नट एकमेकांच्या बोल्टवर चढतात, घट्टही वाटतात, पण बाजू नीट टेकत नाहीत. शिवाय इंचाला २६ म्हणजे ०.९७७ मिमीचा पिच, १ मिमीच्या इतका जवळ की आखूड बोल्टवर मेट्रिक गेजचं पातंही बसल्यासारखं वाटतं. दहा आटे मोजले तरच पाव मिमीचा फरक कळतो. आणि मॅग्नेटो, डायनॅमो यांवरचे छोटे स्क्रू तिसऱ्याच जातीचे, बीए, कोन साडेसत्तेचाळीस अंश! पुढे १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून ६० अंशांचे युनिफाइड आटे ठरवले, पण बीएसए आणि ट्रायम्फ त्यांच्याकडे पूर्णपणे वळायला १९६० चं दशक संपत आलं.

आमच्या एम२० मध्ये पूर्वी कुणीतरी क्रँककेसच्या ५/१६ च्या भोकात ८ मिमीचा मेट्रिक टॅप चालवलेला आहे. मोह होणं साहजिक आहे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, म्हणजे फरक केसाएवढा. पण म्हणूनच ते घातक. भोक जवळपास त्याच व्यासाचं असल्यामुळे जुने आटे निघून जात नाहीत. जुना पिच १.४१ मिमी, नवा १.२५, त्यामुळे नवे आटे जुन्यांना मध्येच कापत जातात आणि उरतात नुसते तुकडे. बोल्ट लागतो, चार दिवस टिकतो आणि एक दिवस अॅल्युमिनियमच्या भुश्शासकट हातात येतो. यावर उपाय म्हणजे भोक मोठं करून त्यात तारेचं स्प्रिंगसारखं इन्सर्ट बसवणं, ज्याच्या आतले आटे मूळ मापाचे असतात.

यावरून मिस्त्री लोकांना नावं ठेवणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. ज्या काळात सुटे भाग आणि टॅप मिळत नव्हते त्या काळात याच लोकांनी या गाड्या चालत्या ठेवल्या, नाहीतर त्या केव्हाच भंगारात वितळल्या असत्या. पण आज परिस्थिती वेगळी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम जाहीर केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी मूळ स्वरूपात असेल, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. एका ८ मिमीच्या बोल्टमुळे कुणी अर्ज नाकारणार नाही. पण अशी पंधरा भोकं झाली, मग दुसरं इंजिन बसवणंच स्वस्त वाटायला लागतं, आणि तिथे मूळ स्वरूप संपतं.

म्हणून माझं म्हणणं असं की गाडी उघडायच्या आधी हत्यारं जमवा. सगळ्यात आधी पाने नकोत, थ्रेड गेज घ्या, ५५ आणि ६० अंशांचं वेगवेगळं. बोल्ट रॉकेलने धुवायचा, पातं लावायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. बाजूने फट दिसली की कोन चुकला. मग ३/१६ पासून १/२ डब्ल्यूपर्यंतचे रिंग पाने. फिक्स पान्यांपेक्षा हे आधी, कारण रिंग सगळ्या कोपऱ्यांना धरते. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार इथे ढिगात हात घातला तर किंग डिक, गोगलगाईचा छाप असलेला स्नेल ब्रँड, टेरी अशी नावं निघतात. किंग डिकचे पाने बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कंपनीने एके काळी स्वतःच्या मोटरसायकलीही काढल्या होत्या! पान्यावर बाणाची खूण असेल तर तो ब्रिटिश लष्कराचा. विकत घेताना गंज बघू नका, गंज निघतो. जबडा बघा. वर्षानुवर्षं हातोडी खाऊन फाकलेला जबडा नव्या मेट्रिक पान्याइतकाच निरुपयोगी.

पुलरचं मात्र बाजारात जमत नाही. मॅग्नेटोचं गिअर निमुळत्या शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं, आणि ते हातोडीने काढायला गेलात तर शाफ्ट वाकतो. कंपन्या यासाठी डीलरना खास पुलर देत असत. ते न मिळाल्यास लेथवर करून घ्यावे लागतात. आमचं आम्ही असंच केलं, आणि वर्कशॉपच्या सरांनी त्याचे आटे दोनदा तपासायला लावले याबद्दल त्यांचे आभार.

सध्या आमच्याकडे ७/१६ डब्ल्यूचा रिंग पाना आणि बीएचे २ व ४ नंबरचे पाने नाहीत. हॉस्टेलमधल्या कुणाच्या गावी, आजोबांच्या पेटीत, आकड्यापुढे डब्ल्यू, बीएस किंवा बीए लिहिलेली हत्यारं पडली असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याला देण्याआधी मला एकदा दाखवा.