वाटणी नको, वंशावळ हवी
दोघांची सुट्टी, सातपुड्यातल्या गाड्या आणि गावाकडचे कागद: काय करावे, काय टाळावे

सातपुड्यात गाडीने हिंडायचं आणि जाता जाता दोघांच्या घराण्यांचा माग काढायचा, असा बेत असेल तर मुक्काम नागपूरला ठेवा. हे शहर मध्य प्रांत-वऱ्हाडाची आणि नंतर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे कागदांचे धागे इथे येऊन मिळतात. सातपुड्याचा घाटही इथून सकाळी निघून दिवसाउजेडी गाठता येतो.

काय करावे

• तिकिटाआधी नदी ठरवा. मूळ गाव वर्धा नदीच्या कोणत्या काठाला, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पूर्वेला, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा भागात, मालगुजारी होती, म्हणजे सारा मालगुजारामार्फत जाई. पश्चिमेला वऱ्हाडात रयतवारी. मालगुजारी गावात तुमचे पणजोबा कूळ असतील तर १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर, त्याच दशकात तयार झालेली अधिकार अभिलेख पंजी आधी पाहा. वऱ्हाडात खातेदार थेट सरकारच्या वहीत सापडतो. घराणं पाटील-देशमुखांचं असेल तर वतनाचे कागद वेगळे. नागपूरहून बडनेऱ्याकडे जाताना पुलगाव सोडलं की गाडी ही नदी ओलांडते. तेवढ्या मिनिटापुरता मोबाईल खाली ठेवा.

• सोमवार ते शुक्रवार कचेरी, शनिवार-रविवार गाडी. राज्य सरकारी कार्यालयांना फेब्रुवारी २०२० अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी तहसीलच्या दाराशी उभं राहून काही मिळत नाही.

• घरून निघण्यापूर्वी ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर गाव शोधून पाहा. जुने फेरफार किंवा सातबारे तिथे मिळाले तर तहसीलची एक खेप वाचते.

• बैतूलची वाट दिवसाच करा. काटोल, नरखेडचे संत्र्याचे मळे, पुढे पांढुर्णा, मुलताई, आमला, बैतूल, आणि मग मरामझिरी ते धाराखोह हा खरा घाट: बोगदे, वळणं, खाली दरी. एसी डब्याच्या पिवळट काचेतून हे सगळं एकाच रंगाचं दिसतं. खिडकी उघडणारा डबा घ्या. पावसाळा ओसरतानाचे आठवडे सर्वांत चांगले.

• मुलताईला उतरा. तापीचं उगमस्थान म्हणून लोक येतातच, पण तुमचं काम वेगळं आहे. मुलताई, पांढुर्णा, सौंसर या पट्ट्यात मराठी बोलणारी घरं भरपूर आहेत आणि नागपूरकरांचे सोयरेही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा एकाच कुळाचे भाऊ दोन राज्यांत गेले. तिकडच्या जमिनीचे कागद मध्य प्रदेशाच्या तहसिलीत आणि हिंदीत आहेत. सातबारा मागू नका, खसरा मागा.

• वंशावळीत नसलेल्या बायका कोतवाल बुकात शोधा. घरोघरच्या वंशावळीत मुलगे असतात, मुली नसतात, आणि सून तर कुठून आली हेही नसतं. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींत, मात्र मुलगी झाली तरी नोंद होते. बाळाचं नाव बहुधा नसतं, बापाचं नाव आणि ‘मुलगी’ एवढंच. तारखेवरून ती कोण हे घरच्या म्हाताऱ्या ओळखतात. गावात पुस्तक नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात चौकशी करा.

• चार शब्द पाठ करून जा. वल्द म्हणजे अमुकचा मुलगा, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा, मयत म्हणजे वारलेला. एखाद्या फेरफारात ‘गणपत वल्द सीताराम मयत, वारस नारायण वल्द गणपत व सखूबाई बेवा गणपत’ अशी ओळ असते. या एका ओळीत तीन पिढ्या आणि एक बाई आहे. वारसाचा फेरफार सातबाऱ्यापेक्षा कितीतरी बोलका. नक्कल मागायची तर त्याची. मिळालेल्या नकलेवर मौजा आणि प.ह.नं., म्हणजे पटवारी हलका नंबर, आहे ना हे तिथेच बघून घ्या.

• दिवस सारखे वाटा. नवऱ्याच्या गावाला चार दिवस आणि बायकोच्या माहेरच्या गावाला परतीच्या वाटेवर अर्धा तास, असं झालं की सुट्टीचं गाडं तिथेच अडतं. माहेरचा शोध आधी घ्या, असं मी म्हणेन. तो जास्त अवघड असतो आणि त्याला सांगणारी माणसं कमी उरलेली असतात.

• गावात पाय ठेवताच पहिल्या वाक्यात सांगा की वाटणी मागायला आलेलो नाही. शहरातलं जोडपं जुना सातबारा विचारत आलं की ओसरीवरचे काकाजी चहा सांगतात, पण डोळे बारीक करतात. “काहून आले बाप्पा? वावराच्या हिश्श्याचं काही हाय का?” हा प्रश्न मनात सगळ्यांच्या असतो, तोंडावर एखाद्याच्याच येतो. आपणच विषय काढला की अर्ध्या तासात ट्रंक उघडते. हातात संत्राबर्फीचा डबा असला तर त्याआधीच.

• म्हाताऱ्या माणसांना सन विचारू नका, प्रसंग विचारा. ‘गांधी गेले तेव्हा तुम्ही केवढ्या होत्या?’, ‘मालगुजारी गेली तेव्हा लग्न झालं होतं का?’ आणि मुख्य म्हणजे, ‘तुमच्या लग्नाला वऱ्हाड कुठून आलं?’ सोयरिकीची गावं कळली की नकाशा आपोआप पसरतो. दुपारी एक ते चार मात्र कोणाला उठवू नका.

• हाती दोन दिवस जास्त असतील तर नाशिक. तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत गाव, जात आणि आडनाव सांगून पूर्वज शोधता येतात. जो यात्रेला गेला त्याचंच नाव तिथे, हे लक्षात ठेवा. थळ घाट इगतपुरीच्या पुढे आहे, तेव्हा नाशिकलाच परत फिरलात तर तो हुकतो.

काय टाळावे

• वडिलांच्या आठवणीवर वेळापत्रक बांधणं. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतलाही थांबलेली आहे. तिचा मार्ग ब्रिटिशकालीन खासगी कंपनीच्या मालकीचा होता आणि गाडी १९९४ पर्यंत मँचेस्टरात बनलेल्या वाफेच्या इंजिनावर धावली. अडीच फुटी रुळांचं वेड असेल तर नागपुरातल्या कडबी चौकातलं नॅरोगेज संग्रहालय गाठा. ते २००२ पासून आहे आणि सकाळभरात बघून होतं.

• छिंदवाड्याच्या आताच्या ब्रॉडगेज गाडीसाठी सवयीने नागपूरच्या मुख्य स्टेशनवर जाणं. स्टेशनचं नाव तिकिटावर नीट वाचा. नागपूरचंच इतवारी स्टेशन आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी म्हणून छापलेलं असतं. या मार्गावर भंडारकुंड ते भिमालगोंदी हा घाट येतो, तोवर डुलकी काढू नका.

• दारात उभं राहून व्हिडिओ. बोगदा सांगून येत नाही.

• पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा. त्या दिवशी तिथे गोटमार असते, नदीच्या दोन्ही काठांवरून दगड चालतात. तो दिवस नागपुरातच काढा आणि मारबतीची मिरवणूक बघा.

• फक्त आडनावावरून शोध. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनावच नसतं. नाव, बापाचं नाव, जात आणि मौजा एवढंच. एकाच मौज्यात दोन ‘महादेव वल्द गणपत’ निघाले की भावांची नावं जुळवून बघा.

• मोडी कागद स्वतः लावायचा अट्टहास. फोटो सरळ, चांगल्या उजेडात आणि संपूर्ण पानाचा घ्या, आणि जाणकाराला द्या. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढली आहे, तेव्हा सुट्टीतच उत्तर मिळेल अशी आशा नको. पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय नागपुरात आहे, पण तिथे विषय, गाव आणि काळ ठरवून जा. ‘आमच्या घराण्याचं काय आहे?’ या प्रश्नाला कोणतंच दप्तर उत्तर देत नाही.

• ‘आमचं मूळ राजस्थानात’ हे ऐकताच वहीत लिहून घेणं. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर आलो, हेही तसंच. असेल खरं. पण ज्या पिढीपर्यंत कागद आहे तिथे रेघ मारा, त्यापलीकडचं पेन्सिलीने लिहा.

• मिळालेली नोंद लगेच कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं. जुन्या कागदावर जात असते, कर्ज असतं, दुसरं लग्न असतं. १९५६ च्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर काही घरांनी जुनं नाव मागे टाकलं. तिथे तो कागद कोणाला दाखवायचा हे त्या घरातल्या थोरांनी ठरवावं.

• मे महिना. नागपुरात पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो, धबधबे कोरडे असतात आणि गावातली माणसं लग्नांत.

• मूळ कागद सोबत घेऊन हिंडणं. आजोबांचा शाळेचा दाखला, जुनं खरेदीखत, लग्नपत्रिका यांच्या झेरॉक्सच न्या, दोन-दोन प्रती. एक कचेरीत ठेवून घेतील, दुसरीच्या पाठीवर काकाजी पेनाने भावांची नावं लिहून देतील.