रानभाज्यांचा मेळा आणि आपला बांध

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. घर सचिनच्या बाहेर, ऊस आणि भात यांच्या मधोमध. माणसे मूळची नवापूरकडची. ऊसतोडीच्या निमित्ताने इकडे आली, पुढे वाट्याने शेती करू लागली आणि इथलीच झाली. आम्ही पोचलो तेव्हा घरच्या आजीबाई बांधावर उभ्या होत्या. कमरेला टोपली, पण टोपलीत काही नाही. बांध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करपून पिवळा पडलेला. नातवाने चार दिवसांपूर्वी तणनाशक मारले होते.

"फादर, त्याला वाटलं कचरा गेला," आजीबाई म्हणाल्या, "माझी तर महिन्याची भाजी गेली."

नातू मान खाली घालून उभा होता. त्याला दोष द्यावा असे आम्हाला वाटले नाही. बांधावर काय उगवते, त्याचे नाव काय, ते कोणाच्या उपयोगाचे, हे त्याला कोणी दाखवलेच नव्हते. आजीला माहीत होते. पण आजीने सांगावे आणि नातवाने ऐकावे असा प्रसंगच घरात येत नव्हता. असा प्रसंग मुद्दाम घडवून आणता येतो काय, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

मेळ्याने काय साधते

महाराष्ट्रात अलीकडे रानभाजी महोत्सव भरतात. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. या दिवसाला जोडून राज्याच्या कृषी खात्याने २०२० पासून जिल्ह्याजिल्ह्यांत हे महोत्सव सुरू केले. पाड्यावरच्या बाया टोपल्या भरून येतात. टाकळा, कुर्डू, करटोली, शेवळे, भारंगी, घोळ, अंबाडी, बांबूचे कोंब अशा भाज्या मांडतात. कोणी शिजवून आणते, कोणी पाककृती सांगते. तालुक्याच्या गावचे लोक विकत घेतात आणि विचारतात, "बाई, ही कशी करायची?"

या प्रश्नाचे मोल आपण ओळखावे. जिला आजवर कोणी काही विचारले नाही, ती त्या दिवशी शिक्षिका होते. नगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण गावठी वाणांचे बियाणे त्यांनी जतन केले आणि इतरांना वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांकडे जे ज्ञान आहे ते जुनेपुराणे म्हणून टाकून देण्याजोगे नाही, हे आता सरकारदरबारीही मान्य झाले आहे.

तथापि मेळ्याला एक मर्यादा असते. मेळा एका दिवसाचा, बांध बारा महिन्यांचा. मेळ्यात टाळ्या वाजवायच्या आणि घरी येऊन त्याच बांधावर पंप चालवायचा, असे झाले तर पुढच्या वर्षी मेळ्यात मांडायला काय उरेल?

आधी काम, मग मेळा

या बाबतीत कोकणातील वेळास गावाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. हे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात समुद्रकाठी आहे. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसे नेत, कोल्ही-कुत्री उकरून खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचे काम हाती घेतले. अंडी कुंपणात सुरक्षित ठेवायची आणि पिले निघाली की समुद्रात सोडायची, असा क्रम चालू झाला. कासव महोत्सव सुरू झाला तो त्यानंतर, २००६ साली. पिले समुद्राकडे जाताना पाहायला लांबून लोक येऊ लागले. त्यांची राहण्या-जेवणाची सोय गावकऱ्यांनी आपल्या घरांत केली, आणि कासव जगले तर गावाला दोन पैसे मिळतात हे सर्वांना पटले.

येथील क्रम ध्यानात घ्यावा. आधी घरटी राखली, मग मेळा भरवला. आपल्याकडे बहुधा उलटे होते. आधी फलक लागतो, मग रोपे येतात, आणि पाहुणे गेल्यावर रोपांना पाणी घालायला कोणी उरत नाही.

कोणते झाड लावावे

वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला. त्या वेळचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी तो सुरू केला. ते आपल्या शेजारच्या भरूचचे. तेव्हापासून दर जुलैत आपण झाडे लावत आलो आहोत. परंतु कोणते झाड, हा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही. लवकर वाढते आणि गुरे खात नाहीत, एवढे पाहून परदेशी झाड लावले जाते.

कोनोकार्पसचे उदाहरण ताजे आहे. हिरवेगार दिसते म्हणून गुजरातेत रस्तोरस्ती, कारखान्यांच्या कुंपणाला ही झाडे लागली. पुढे त्यांच्या परागांमुळे सर्दी, खोकला, दमा, ॲलर्जी असे त्रास होतात आणि मुळे गटारांना व जमिनीखालच्या तारांना इजा करतात, असे कारण देऊन गुजरात सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांच्या लागवडीवर बंदी घातली. लावण्याचा खर्च गेला, वाढवण्याची वर्षे गेली.

याउलट आपला उंबर पाहा. वर्षातून अनेकदा फळतो आणि पाखरांना, खारींना, वटवाघळांना अन्न देतो. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे शिशिराच्या शेवटी फुलतात. त्या वेळी शेते मोकळी आणि माळ वाळलेले असतात. तेव्हा मैना, बुलबुल, शिंजीर आणि मधमाश्या यांना त्यांचाच आधार असतो. करंज, जांभूळ, मोह, बोर, कडुनिंब हीही आपलीच झाडे. वनमहोत्सवात रोप घ्यायचे तर यांतले मागून घ्यावे.

बांधावरचे रहिवासी

आता बांधाकडे वळू. नातवाला जो कचरा वाटला त्यात कोण कोण राहते?

टाकळ्याची कोवळी पाने आपण पावसाळ्याच्या आरंभी खातो. इकडे गुजराती शेजारी त्याला कुवाडियो म्हणतात. त्याच पानांवर लहान पिवळी फुलपाखरे अंडी घालतात. करटोलीला गुजरातीत कंकोडा म्हणतात. तिचे नर वेल व मादी वेल वेगवेगळे असतात. फुले संध्याकाळी उमलतात आणि परागकण नेण्याचे काम रात्री उडणारे पतंग करतात. नर वेलाला फळ धरत नाही म्हणून तो उपटून टाकला, किंवा पतंग मारून टाकले, तर मादी वेल हिरवा दिसेल पण करटोली देणार नाही.

वांगी आणि टोमॅटो यांच्या फुलांतील पराग सहज सांडत नाही. काही रानमाश्या फुलाला धरून अंग थरथरवतात, तेव्हा तो बाहेर पडतो. निळ्या पट्ट्यांची माशी ही त्यांतलीच. ती पोळे बांधत नाही. मातीत बीळ करून राहते. न नांगरलेला बांध हे तिचे घर. बांध खरवडून गुळगुळीत केला की ती जाते, आणि वांगी का कमी लागली हे आपल्याला कळत नाही.

उसात आणि भातात उंदीर होतात. त्यांचा मोठा वैरी म्हणजे गव्हाणी घुबड. जुन्या झाडाच्या ढोलीत किंवा पडक्या घरात ते राहते. त्याचे ओरडणे अशुभ मानून लोक त्याला हाकलतात. हा निव्वळ गैरसमज आहे. ज्याच्या शेतावर घुबड आहे त्याला फुकटचा राखणदार मिळाला, असे समजावे. उंदरांना ब्रोमॅडिओलोनसारखे विष घातले तर ते खाऊन सुस्त झालेला उंदीर घुबडाच्या तोंडी जातो आणि घुबडही मरते. तसेच पिकात काठीला आडवी काठी बांधून पक्षिथांबे उभे केले, तर कोतवाल आणि मैना त्यावर बसून किडे टिपतात.

चिमणीचेही असेच. २० मार्च हा जागतिक चिमणी दिन नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या प्रयत्नाने २०१० पासून पाळला जाऊ लागला. त्या दिवशी लोक लाकडी खोपे टांगतात, ते चांगलेच आहे. पण चिमणीची पिले किड्यांवर वाढतात. खोपा टांगला आणि भोवतालचे सगळे किडे औषधाने मारले, तर पिलांनी खावे काय?

आरोग्याविषयी चार सूचना

रानभाजी म्हणजे सगळेच हितकर, असे समजू नये.

१. ओळख पक्की असल्याशिवाय खाऊ नये. कळलावीचे फूल सुंदर असते, पण तिचा कंद जहाल विषारी आहे. कंदाच्या बाबतीत जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय काही करू नये.

२. शेवळे व अळू यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. त्यामुळे घसा खाजतो. म्हणून या भाज्या नीट शिजवाव्यात आणि चिंच, काकड यांसारखे आंबट घालावे. बांबूचे कोंब चिरून पाण्यात भिजवावेत, उकळावेत आणि ते पाणी फेकून द्यावे. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

३. पालेभाजीतले लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू किंवा आवळा असावा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. मात्र आपल्या भागातील आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. त्यातला अशक्तपणा भाजीने जात नाही. तेव्हा मुलगा किंवा मुलगी फिकट दिसत असेल, सांधे दुखत असतील, तर रक्त तपासून घ्यावे.

४. भाजी कोठून खुडली हे महत्त्वाचे. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिनच्या जीआयडीसीत टँकरमधून रासायनिक द्रव्य नाल्यात सोडले जात असताना विषारी वायू पसरला आणि ६ कामगार प्राणास मुकले. नाल्यात काय वाहते हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कारखान्यांच्या नाल्याकाठची, हमरस्त्यालगतची आणि फवारलेल्या बांधावरची भाजी कधीही खुडू नये, कितीही तजेलदार दिसली तरी.

आपण काय करावे

आपल्या धर्मग्रामातही पावसाळ्यात असा एक मेळा भरवावा, असे आमच्या मनात आहे. मंडप नको, फलक नको. प्रत्येक घरच्या आजीने किंवा काकूने आपल्याला ठाऊक असलेली एक वनस्पती आणावी. शिजवलेली भाजी आणि शेजारी एक फांदी. मुळासकट उपटून आणू नये. मुलांनी तिचे नाव मराठीत, गुजरातीत आणि घरच्या बोलीत वहीत लिहून घ्यावे. ती कोणत्या महिन्यात येते, कोणता भाग खावा, तिच्यावर कोणते पाखरू किंवा फुलपाखरू येते, हेही लिहावे. नावे लिहिताना आजीने बोलावे आणि नातवाने लिहावे, एवढा एकच नियम.

आणि घरी परतण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट ठरवावी. आपल्या शेताच्या बांधाचा वीस हात तुकडा खुंट्या ठोकून राखायचा. त्यावर तणनाशक नाही, आग नाही, फावडे नाही. गाजरगवत आणि घाणेरी ही बाहेरून आलेली झुडपे तेवढी फुलावर येण्याआधी हाताने उपटावीत. गाजरगवत उपटताना हातांना कापड गुंडाळावे. ज्यांना शेत नाही, खोलीत राहतात, त्यांनी कुंडीत घोळ किंवा अंबाडी लावावी आणि उन्हाळ्यात पाखरांसाठी पाण्याचे एक भांडे ठेवावे. ते पाणी रोज बदलावे, म्हणजे डास होणार नाहीत.

२ ते ८ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह असतो. त्यातच ४ तारखेला असिसीचे संत फ्रान्सिस यांचा सण येतो. त्या आठवड्यात मुलांनी राखलेल्या तुकड्यावर जाऊन किती प्रकारची पाने, फुलपाखरे आणि पाखरे दिसतात ते मोजावे आणि त्याच वहीत लिहावे. पुढच्या वर्षी पुन्हा मोजावे. दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे आपल्या मेळ्याने काही साधले की नाही, ते कोणी सांगावे लागणार नाही.

आजीबाईंच्या घरी आम्ही यंदा पुन्हा गेलो. टाकळ्याचे बी टणक कवचाचे, मातीत टिकून राहते. विहिरीकडच्या कोपऱ्यात तो पुन्हा उगवला आहे. नातवाने तेथे चार खुंट्या ठोकल्या आहेत. बाकीचा बांध अजून उघडाच आहे. करटोलीचे वेल मात्र परत आलेले नाहीत. आजीबाई त्यांचा कंद आणायला नवापूरला जाणार आहेत, आणि या खेपेला नातू बरोबर जाणार आहे.